वहिनीकडे राहणारी परदेशी बाई

कागदोपत्री मी परदेशी आहे. जन्म रत्नागिरीचा, आरे-वारेच्या रस्त्यावरून आत डोंगराकडे वळलं की लागणाऱ्या एका वाडीतला. शाळा तिथलीच, नर्सिंगचं शिक्षण मुंबईला आणि त्यानंतरची सगळी नोकरी इंग्लंडमधल्या एका सरकारी इस्पितळात. तिथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा मला फारसं काही वाटलं नव्हतं. रात्रपाळी संपवून समारंभाला गेले, शपथ घेतली, घरी येऊन झोपले. इकडचा पासपोर्ट तेव्हा परत करायचा असतो. तो मी आधीच कुठल्यातरी घरबदलीत हरवून बसले होते. त्यापायी आपल्याकडून गेलेल्या माणसांना जे कायमचं कार्ड मिळतं, ते माझं अडून बसलं. म्हणून मी इथे व्हिसावर राहते, आणि व्हिसा म्हटला की मुदत आली.

निवृत्त झाल्यावरही काही वर्षं मी तिकडेच होते. एकटी बाई, लग्न केलेलं नाही, छोटा फ्लॅट, खाली बसस्टॉप. वाईट काही चाललं नव्हतं. मग हृदय दमायला लागलं. पाय सुजायचे, उताणं झोपलं की श्वास कोंडायचा. तपासणीचा रिपोर्ट मी स्वतः वाचला. असे रिपोर्ट असलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांशी मी जन्मभर बोलत आले होते, त्यामुळे डॉक्टर काय सांगतोय आणि काय सांगायचं टाळतोय, दोन्ही मला कळलं. त्या वॉर्डात शेवट कसा होतो तेही पुष्कळ पाहिलेलं होतं. चादरी स्वच्छ असतात, दुखू देत नाहीत, आणि उशाशी असते ती एजन्सीनं त्या दिवसापुरती पाठवलेली कुणीतरी मुलगी, जिला तुमचं आडनाव उच्चारता येत नाही. मला ते नको होतं. मला आमच्या घरी मरायचं होतं, एवढी साधी गोष्ट.

घर म्हणजे भावाचं घर. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. पुतणे मुंबईला असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. घरात वहिनी एकटी. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते, पण वयात फारसं अंतर नाही, त्यामुळे आमचं पहिल्यापासून अगं-तुगंच. "येऊ का?" असं मी फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ये की. तुझाच घर हाय." आता असं विचारल्यावर दुसरं काय म्हणणार कुणी? तेव्हा मी ते फार तपासून पाहिलं नाही.

मुदत संपत आली तसं ती वाढवून घ्यायचं काम सुरू झालं. अर्ज ऑनलाइन करायचा असतो. रेंज आमच्याकडे फक्त मागच्या पडवीत, तीही पाट्याजवळच्या कोपऱ्यात. तिथे स्टूल टाकून मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे. फोटो मोठा झाला, फोटो लहान झाला, फोटोची मागची बाजू पांढरी नाही. शेवटी वहिनीनं धुतलेली चादर दोरीवर टाकली आणि मी तिच्यापुढे उभी राहिले. डॉक्टरांचं पत्र जोडलं, की या बाईंना विमानप्रवास झेपणार नाही. यजमान म्हणून वहिनीचं नाव घातलं. परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकानं पोलिसांना कळवायचं असतं, ते मी तिच्या वतीनं आल्या आल्याच कळवून टाकलं होतं. तिला सांगितलं तर म्हणाली, "तू काय भाडोत्री हायस?"

परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस कचेरीची अपॉइंटमेंट मिळणं वेगळं आणि तिथे पोचणं वेगळं. माझा सगळा दिवस अंगातलं पाणी काढायच्या गोळीवर चालतो. सकाळी ती घेतली की दुपारपर्यंत मला बाथरूमपासून लांब जाता येत नाही. नाही घेतली तर संध्याकाळी पायांत चपला शिरत नाहीत आणि छातीत घरघर सुरू होते. आणि कचेरीची वेळ नेमकी सकाळची! पहिल्या खेपेला मी शहाण्यासारखी गोळी घेऊन गेले. वाटेत रिक्षा थांबवून एका अनोळखी घरात शिरले आणि त्या बाईला बाथरूम विचारलं. तिनं ते दाखवलं, वर कोकम सरबत घ्या म्हणून मागे लागली. मी सरबताला लांबूनच हात जोडले. शहरात पोचले तर कळलं, सर्व्हर बंद आहे, उद्या या. दुसऱ्या खेपेला गोळी न घेता गेले. कचेरी वरच्या मजल्यावर, जिना चढताना कठड्याला धरून उभी राहत, पुन्हा चढत, असं करत वर गेले. रोग्यांना मी नेहमी म्हणायचे, सावकाश चढा, घाई कसली आहे! ते किती चीड आणणारं वाक्य आहे, हे तेव्हा कळलं. कागद तपासून झाले. घरी चौकशीला माणूस येईल, त्यानंतर पुढचं, असं सांगितलं गेलं. वहिनीला त्यातलं मी काही सांगितलं नाही, उगाच घाबरली असती.

त्याच सुमारास आमच्या घरात मिठावरून वाजलं. मला मीठ वर्ज्य आहे. वहिनी माझ्यापुरती अळणी आमटी वेगळ्या टोपात करायची आणि मी जेवत असताना माझ्या तोंडाकडे बघत बसायची. तिला ते बघवायचं नाही. एकदा तिनं गुपचूप चिमूटभर घातलं. पहिल्याच घासाला मला कळलं, आणि वॉर्डातला आवाज काढून मी म्हटलं, "पथ्य पाळायचं नसेल तर तिकडे होते तेच बरं होतं. जाते मी परत." वहिनीनं टोप उचलला, मागे नेला आणि आमटी माडाच्या आळ्यात ओतली. दुसऱ्या दिवसापासून आमटी अगदी पथ्याची. विषय मिटला, असं मी समजले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. अनोळखी माणूस खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येऊन "अमके आहेत का घरात?" असं विचारायला लागला, तर "आहेत" असं त्याला पहिल्या झटक्यात कुणी सांगत नाही. "नाय ओ, भायेर गेलेत," म्हणायचं. मग पाणी आणून द्यायचं. कुठले, कुणाकडचे, काय काम काढलंत, हे विचारून घ्यायचं. माणूस बरा वाटला की "थांबा हां, आलेत काय बघते," म्हणून आत जायचं आणि मागच्या पडवीत आरामात बसलेल्या माणसाला पुढे घेऊन यायचं. यात कुणी कुणाला फसवत नाही. पोस्टमन, मीटर बघायला येणारा, बँकेतली बाई, सगळ्यांना हे ठाऊक असतं. पहिलं उत्तर ऐकून ते निवांत पायरीवर टेकतात.

चौकशीला आलेला शिपाई घाटावरचा होता, नुकताच बदली होऊन आलेला. तो टेकला नाही.

मी तेव्हा बाथरूममध्ये होते, गोळी घेतलेली होती. मोटरसायकल आली आणि लगेच गेली, एवढं ऐकू आलं. बाहेर येऊन मी विचारलं, "कोण होतं गं?" वहिनी खळ्यात तांब्या हातात धरून उभी होती. "कोण नाय," ती म्हणाली. "चुकून आलेला."

थोड्या दिवसांनी अर्जावर शेरा आला. अर्जदार महिला दिलेल्या पत्त्यावर आढळली नाही, ती स्वदेशी परत गेल्याचं यजमान महिलेनं सांगितलं, तरी खुलाशासाठी यजमानासह समक्ष हजर राहावं. पाट्याशेजारी बसून मी ते दोनदा वाचलं. खुलासा पटला नाही तर अर्ज फेटाळणार, मग देश सोडायची नोटीस, मग विमान. विमानात माझं काय होणार हे सांगायला मला डॉक्टरांच्या पत्राची गरज नव्हती. वाटेत काही झालं नाही तर मी सरळ त्या वॉर्डात जाणार होते.

पण खरं सांगायचं तर याहून जास्त लागलं ते दुसरंच. रीत म्हणून "बाहेर गेली" असं म्हणतात. "परत गेली, तिच्या देशाला" असं कुणी म्हणत नाही. मी उठून वहिनीकडे गेले. ती तांदूळ पाखडत बसली होती.

"तू त्या माणसाला काय सांगितलंस?"

"भायेर गेली म्हणून सांगितला."

"इथे लिहिलंय परत गेली."

सूप थांबलं. "तो म्हणाला, परदेशी बाई ऱ्हाते काय? मी म्हटला, होती, गेली. तर म्हणतो, कुठं गेली? मग तोंडात आला ता सांगितला. तो थांबला कुठं? मी पानी आणायला आत गेले तर फटफटी चालू केलान."

"आणि मला म्हणालीस चुकून आलेला."

"मग काय सांगू? पोलीस आलेला म्हणून सांगू? तुझा काळीज आधीच तसला."

बोलणं पटण्यासारखं होतं, तरी माझ्या मनातून ते जाईना. तोंडात तेच का आलं? माणसाच्या तोंडात जे येतं ते आत कुठेतरी तयार असतं. आजारी माणसाचं करणं किती जड असतं हे मला कुणी शिकवायला नको. वेगळा टोप, वेगळं अंथरूण, उंच उशा, अर्ध्या रात्री उठून दिवा लावणं. तिचं स्वतःचं वय झालेलं, गुडघे धरलेले. वॉर्डात मी अशी माणसं रोज पाहिली आहेत. चांगली असतात बिचारी, फक्त थकलेली असतात. कधीतरी एकदा त्यांच्या तोंडून निसटतं, की आता न्या यांना. वहिनीला मी नकोशी झाले असेन तर तिचं काय चुकलं, असा मी शांतपणे विचार करून पाहिला. विचार शांतपणे करता आला, वाईट वाटायचं मात्र थांबलं नाही.

कचेरीत जायच्या दिवशी वहिनीनं लग्नाकार्याला नेसायची साडी नेसली. आयुष्यात ती कधी कचेरीची पायरी चढलेली नव्हती. त्यात तिला गाडी लागते. ती लिंबू हुंगत रिक्षात बसली, मी गोळी चुकवून बसले. दोन म्हाताऱ्या, एकीला उलटीची धास्ती, दुसरीला दम लागायची, आणि दोघींचं एकमेकींशी बोलणं जेमतेम. आरे-वारेला पर्यटक समुद्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. वहिनीनं डोळे मिटलेलेच ठेवले.

जिना आम्ही दोघी एकाच कठड्याला धरून चढलो. आत टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या, आम्हाला मुलगी असती तर तिच्या वयाच्या. तो शिपाईही बाजूला उभा होता. बाईंनी फाइल उघडली आणि वहिनीकडे बघून म्हणाल्या, "आजी, तुम्ही आमच्या माणसाला सांगितलंत की या परत गेल्या. आता तुम्हीच यांना घेऊन आलात. पोलिसांना खोटी माहिती दिली तर काय होतं, माहीत आहे?"

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. मी पुढे होऊन आमच्याकडची रीत समजावून सांगायला लागले, तर बाईंनी हातानंच मला थांबवलं. "तुम्ही नको. त्यांना बोलू दे."

"मी पानी आणायला गेलेले," वहिनी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. "पानी घेऊन आले तर हे नायत."

बाईंनी मान वळवून शिपायाकडे पाहिलं. "पाणी घेतलं नाहीस?"

"घाई होती, मॅडम. अजून चार ठिकाणी जायचं होतं."

"अरे, इकडे पाणी पिऊन झाल्याशिवाय कुणी खरं सांगत नाही. मी देवरूखची आहे, मला विचारायचंस." त्या हसल्या, शिपाईही ओशाळून हसला. मला हायसं वाटलं. वाटलं, सुटलो.

पण बाईंनी फाइल मिटली नाही. डॉक्टरांचं पत्र पुढे घेऊन त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "आजी, एक विचारते, राग मानू नका. तुमचं वय झालंय. यांची तब्येत ही अशी. तिकडे यांना औषधपाणी सगळं फुकट आहे, करायला माणसं आहेत. उद्या काही झालं तर तुम्ही एकट्या काय करणार? यजमान म्हणून तुमचं नाव आहे. तुम्हाला खरंच झेपणार आहे का? नसेल तर आत्ताच सांगा, तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही."

हाच प्रश्न मला विचारायचा होता, आणि जन्मात विचारता आला नसता. मी खाली बघत राहिले. चपलांचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतले होते.

वहिनी लिंबू या हातातून त्या हातात करत होती.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "हिचा भाव गेला तवापासून त्या घरात मी कोनाशी बोललेच नाय. पोरा फोन करतात. जेवलीस काय विचारतात, जेवले म्हणते, ठेवतात. ही आली तर आता मला भांडायला मानूस हाय. सकाळी उठून भांडते. बरा वाटता."

शिपाई पुन्हा हसला. बाई हसल्या नाहीत.

"आणि मग गेली असं का सांगितलंत?"

"ही म्हणाली होती, जाते मी परत. रागान म्हणाली, पन म्हणाली. आन मग हा आला पोलिसातला, हिलाच विचारत. मला वाटला, हिनंच अर्ज केलान जायचा. हा हिला न्यायला आलाय." वहिनीनं शिपायाकडे बोट केलं. "म्हणून सांगितला, गेली. गेली म्हटला की निघून जाईल."

मला रडू आलं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी माणसांसमोर कधी रडले नव्हते, रडणाऱ्या नव्या नर्सेसना मी बाहेर पाठवायचे. आता कचेरीत, घाटावरच्या शिपायासमोर, पदर तोंडाला लावून बसले आणि आवरता आवरेना. श्वास लागला. शिपायानं पळत जाऊन पाणी आणलं, आणि वहिनी त्याला म्हणाली, "अर्धाच दे. हिला पानी मोजून असता."

जाताना ती माझा हात धरून उतरली. घरी आल्यावर तिनं मला गोळी दिली आणि बाथरूमचा दिवा लावून ठेवला. मला एवढंच वाटत होतं की ही बाई मला ठेवून घ्यायला पोलिसांशी खोटं बोलली, आणि मी तिला वॉर्डातल्या थकलेल्या नातेवाइकांत बसवून मोकळी झाले होते. मी किती हुशार!

मुदतवाढ पुढच्या आठवड्यात आली, एक वर्षाची. मी पडवीतून ओरडून सांगितलं. वहिनी ओले हात पुसत आली आणि स्क्रीनकडे वाकून बघत राहिली, जणू तिला वाचता येणार होतं.

"किती?"

"एक वर्ष."

"वरीसच? काय ते लोक!" तिला ते मुळीच आवडलं नाही. "म्हणजे पुढल्या साली परत कचेरीत जायचा?"

"जायला लागणार."

"मग मला आधी सांग. आयत्या वेळी नको. साडी धुवून ठेवायला लागता."

रिपोर्ट मी वाचलेला आहे. त्यातल्या आकड्यावर हृदय किती काळ चालतं ते मला माहीत आहे, आणि तो काळ या मुदतीपेक्षा बराच लहान आहे. हे नातेवाइकांना कसं सांगायचं याचं रीतसर शिक्षण मला मिळालेलं आहे. बसवायचं, साध्या शब्दांत बोलायचं, खोटी आशा दाखवायची नाही. मी ते इतक्यांदा केलंय की झोपेतही जमेल.

"सांगते," मी म्हटलं. "चांगलं महिनाभर आधी सांगते."

ती समाधानानं आत गेली. मी लॅपटॉप मिटला आणि तिथेच बसून राहिले. मी इथे मरायला आले होते, आणि त्याचं मला आजवर काही वाटलेलं नव्हतं. आत वहिनी एकटीच कुणालातरी बोलत होती, बहुतेक मलाच, की स्टूल आत आणून ठेव, भिजेल. त्या दुपारी मला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली.